पंचेचाळीस फुटांची रेघ

कुरुंदघाटात हळदीचा भाव कधी तोंडानं बोलला जात नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर मांडी घालून बसायचे, हातांवर उपरणं टाकायचे आणि त्याच्या आत बोटांनी बोटं दाबून सौदा करायचे. एक बोट म्हणजे एक, मूठ म्हणजे पाच, बाकीचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. पटलं तर विकणारा तोंडानं एकच शब्द बोलायचा, 'दिला'. नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. शेजारी उभा असलेला सारा बाजार मान लांब करकरून बघायचा, पण कळायचं कुणाला काही नाही.

त्रिशला मगदूम सात वर्षांची असताना तिनं वडलांना विचारलं होतं, "अण्णा, सरळ बोलून टाकलं तर काय हुतंय?"

भुपालअण्णा म्हणाले होते, "भाव उघडा पडला की तिसरा माणूस त्याच्यावर खेळ करतोय, पोरी."

तिनं ते हसण्यावारी नेलं. पुढं पोरगी मुंबईला गेली, गणितात नाव काढलं आणि रोख्यांच्या बाजारात लठ्ठ पगारावर चिकटली. तिथं सगळाच उघडा मामला! पडद्यावर हिरवे-तांबडे आकडे, पळापळाला बदलणारे, लंडनपासून सिंगापूरपर्यंत सगळ्यांना दिसणारे. अण्णांचं उपरणं तिला तेव्हा जुन्या काळातली गंमत वाटायची. वाटणारच. वय होतं एकतीस.

आता पूररोखा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी रड त्याचीच आहे. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी तेवढ्या चार ओळी गाळाव्यात.

कुरुंदघाट नदीच्या वळणावर बसलेलं गाव. दर आठ-दहा वर्षांनी पाणी यायचं, पेठ बुडायची, आणि मग सरकारी मदतीसाठी दीड-दीड वर्ष हेलपाटे. त्यावर त्रिशलानं तोड काढली. जगभरच्या गुंतवणूकदारांकडून चारशे कोटी गोळा करायचे आणि वेगळ्या पेटीत कुलूपबंद ठेवायचे. गावानं त्यावर दरसाल चढं व्याज द्यायचं. पाच वर्षांत मोठा पूर आला नाही, तर पैसे ज्याचे त्याला परत. आला, तर सगळे चारशे कोटी त्याच आठवड्यात गावाचे. थोडक्यात काय, गावानं जगाशी पैज लावली होती की पूर येईल, आणि रोज देवापुढं हात जोडायचे की पैज हरू दे.

पण पूर आला हे ठरवायचं कुणी? त्रिशलाला पंचनाम्याचा मनस्वी तिटकारा. एक भिंत पडली की तीन दाखवायच्या, चहापाणी केल्याशिवाय कागद हलायचा नाही, हे तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून तिनं रोख्यात एकच अट घातली. घाटावरच्या मापपट्टीवर पाणी पंचेचाळीस फुटांवर गेलं आणि सलग सहा तास राहिलं, की पैसे सुटणार. मोजणारं यंत्र, ऐकणारं यंत्र, देणारंही यंत्र. "पाणी लाच खात नाही," असं ती गावसभेत म्हणाली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

पंचेचाळीसच का? तिनं शंभर वर्षांच्या नोंदी चाळल्या होत्या. त्रेचाळीस ओलांडलेली नदी पंचेचाळीसच्या आत थांबली, असं एकदाही घडलं नव्हतं. पेठेत शिरलेलं पाणी उंबऱ्यावर टेकून बसत नाही, ते आत येतंच. म्हणून आकडा पक्का.

ती रेघ पेठेतल्या भिंतीभिंतीवर पिवळ्या रंगानं ओढली दस्तगीरमामांनी. दस्तगीरमामा म्हणजे मगदुमांच्या वखारीतले चाळीस वर्षांचे हमाल. त्रिशला सहा वर्षांची असताना मोठा पूर आला, तेव्हा हनुवटीपर्यंतच्या पाण्यातून तिला खांद्यावर घेऊन यांनीच बाहेर काढलं होतं. स्वतःचं घर असं त्यांना नव्हतंच. वखारीच्या माळ्यावर ते आणि जैबूनमामी राहायची. रेघ माळ्याच्या फळ्यांखाली हातभर आली होती.

"ताई," हातातला ब्रश पुशीत त्यांनी विचारलं होतं, "म्हंजी आमी हिच्या वर झोपलो की निवांत?"

त्रिशला हसली. "पाणी रेघेवर आलं तर गावाला पैसे, मामा. नाही आलं तर तुम्ही कोरडे. दोन्हीकडनं आपलाच फायदा."

"मग झ्याक हाय की!" मामा म्हणाले.

हे पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी सरकारनं पूरमदत बंद केली. रोखा आहे ना तुमच्याकडं, मग आमच्या दारात कशाला? आणि तिसऱ्या वर्षी खोऱ्यातल्या सातही धरणांचे दरवाजे 'नियंता' नावाच्या यंत्राच्या हवाली झाले.

यंत्र वाईट नव्हतं हो. माणसं दरवाजे उघडायला घाबरतात, उशीर करतात, मंत्र्याचा फोन आला की थांबतात. नियंत्याला यातलं काही नव्हतं. त्याला एकच काम होतं, पाणी असं सोडायचं की खोऱ्यात एकूण नुकसान कमीत कमी व्हावं. आता नुकसान किती, हे त्याला कळायचं कसं? घरं मोजत बसलं तर महिने जातात. तेव्हा शहाण्या लोकांनी त्याला बाजार जोडून दिला. ऊस, कापूस, विमा, रोखे, सगळ्यांचे भाव. भाव म्हणजे हजारो लोकांनी पदरचे पैसे लावून केलेला अंदाज. त्याच्याहून खरा अंदाज आणखी कोण देणार? भाव जिथं पडेल तिथं नुकसान, इतका सरळ हिशेब त्याला शिकवला.

श्रावणात पाणी आलं.

त्रेचाळीस. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस फूट दहा इंच.

आणि थांबलं.

पहिल्या दिवशी त्रिशलाला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. वर घाटात धो धो कोसळत होतं, धरणं गळ्यापर्यंत भरत होती आणि कुरुंदघाटचं पाणी मात्र रेघेखाली दोन इंचांवर ताटकळत उभं. चौथ्या दिवशी तिनं खोरे नियंत्रण कक्षात काम करणाऱ्या कुलवंत इंगवलेला फोन लावला. कॉलेजात दोघं एका बाकावर होती.

"कुलवंत, हे चाललंय तरी काय?"

"मी फक्त बघतोय, त्रिशला. दरवाजे ते उघडतंय, तेच मिटतंय. अर्धा इंच वर गेलं की मिटतंय, अर्धा इंच उतरलं की उघडतंय."

"पण का?"

"तुझ्या रोख्यामुळं. पंचेचाळीस झाले की त्याच्या हिशेबात एका फटक्यात चारशे कोटींचं नुकसान होतंय. दोन इंच खाली ठेवलं की शून्य. ते चारशे कोटी वाचवतंय."

"ते पैसे गावाला मिळतात, अरे! नुकसान कसलं?"

"रोख्याचा भाव शून्यावर येतो, एवढंच त्याला दिसतं. पैसे कुणाकडं गेले ते त्याला कुणी शिकवलंच नाही."

"एकदाच सोडून दे. दीड दिवसात पूर येईल आणि जाईल."

"मी हात लावला तर पुढच्या प्रत्येक इंचाला मी जबाबदार," इंगवले म्हणाला. "माझी दोन पोरं शाळेत आहेत, बाई. नको सांगूस."

त्रिशला फोन ठेवून बसून राहिली. शंभर वर्षांत नदी कधी तिथं थांबली नव्हती, कारण नदीला भाव वाचता येत नव्हता. नदीच्या मागं उभं राहून कुणी तिसराच खेळ करील, हे तिच्या गणितात बसलंच नाही. अण्णांनी सातव्या वर्षी सांगितलेलं! ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुऊन आली आणि रजा टाकली.

आठव्या दिवशी नावेतून ती गावात शिरली तेव्हा पेठेतून कुजल्या हळदीचा वास येत होता. कुरुंदघाटात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवतात, पंधरा-वीस फूट खोल खड्ड्यांत. तोंड माती-शेणानं लिंपलं की दहा वर्षं कीड लागत नाही. ती सगळी पेवं कधीच भरून गेली होती. मातीच्या भिंती आठ दिवस पाण्यात भिजून पोटातून फुगलेल्या. दोन दिवसांचा पूर त्या सोसतात, आठ दिवसांचा नाही. रोज दोन-चार घरं बसत होती. निवाऱ्यात जुलाबांची साथ, तीन तान्ही मुलं गेलेली. आणि पैसा? एक छदाम नाही. पूर आलाच नव्हता ना! यंत्राच्या लेखी कुरुंदघाट कोरडं होतं.

टेकडीवरच्या जैन बोर्डिंगात अण्णा भेटले. दाढी वाढलेली, चातुर्मासाचं एकवेळचं जेवण, तेही सूर्य मावळायच्या आत.

"आलीस व्हय," एवढंच म्हणाले. तिच्या डाव्या मनगटावरच्या काळ्या पट्टीकडं त्यांचं लक्ष गेलं. "ह्ये काय?"

"बाजारात काम करणाऱ्या सगळ्यांना घालायला लागतीया, अण्णा. आम्ही बोलतो ते सगळं ऐकतंय. आतली खबर बाहेर देऊन कुणी धंदा केला, तर सौदा जागीच गोठवतात."

अण्णांनी पाण्याकडं बघितलं. तिच्याकडून, इंगवलेकडून, गावातल्या शिकल्या पोरांकडून त्यांच्या कानांवर सगळं आलं होतं. आणि जन्म गेला होता भावांत. त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजी त्या यंत्राला भाव दिसतोय. मग भावच पडला तर?"

गेल्या चार दिवसांत त्रिशलानं दुसरं काही केलंच नव्हतं, हाच हिशेब मांडला होता. या रोख्याचा बाजारातला भाव तीच देत असे. तिच्याच हाताखाली पाचवा हिस्सा होता. रोखा काढणारीच विकायला बसली, तर बाकीचे बूड झटकून पळतील. भाव शंभरावरून विसावर आला की नियंता समजणार, हा रोखा बुडालाच, आता दोन इंचांसाठी धरणं कशाला अडवायची? मग सातही धरणं मोकळी. पाणी सत्तेचाळीस फुटांवर जाणार, दीड दिवस राहणार आणि उतरणार. चारशे कोटी गावाचे. पण सत्तेचाळीस म्हणजे रेघेच्या वर दोन फूट. आणि रेघेच्या वरच्या माळ्यांवर अजून दोनशे माणसं बसलेली, रेघेच्या भरवशावर.

मनगटावरची पट्टी ऐकत होती. अण्णांच्या खांद्यावरचं उपरणं तिनं ओढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं.

अण्णांचा हात थंडगार होता. तिनं त्यांची चार बोटं दाबली. थांबली. मग मूठ दाबली आणि वर दोन बोटं.

अण्णांचे डोळे तिच्यावर खिळले. "हळद कवा उचलायची?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"उद्या सकाळी. बाजार उघडला की."

"समदी?"

"समदी, अण्णा. एक पोतं मागं ऱ्हाता कामा नये. आणि सौदा उपरण्याखालचाच राहू दे. कुणाला कळला तर मोडला."

अण्णांनी हात काढून घेतला नाही. पण ओठ हलेनात. शेवटी म्हणाले, "दिला."

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या गावी मामेभावाच्या घरी, रजा मोडून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. नऊला पाच कमी असताना अण्णांचा फोन आला.

"वखार रिकामी झाली," ते म्हणाले. जरा थांबले. "बहुतेक."

"बहुतेक?"

"तू बग आता, पोरी."

फोन ठेवला गेला. त्रिशला त्या शब्दाकडं बघत बसली, जसा काही तो टेबलावर ठेवलाय. तिच्या धंद्यात 'बहुतेक' हा फार चांगला शब्द होता. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा खरं ठरणाऱ्या गोष्टीला बहुतेक म्हणतात, आणि तेवढ्यावर अब्जावधींचे सौदे होतात. परत फोन करावा? काय विचारायचं? पट्टी ऐकतेय. एक दिवस थांबावं? कालच्या दिवसात अकरा घरं बसली होती, आणि हवामान खातं म्हणत होतं अजून आठवडाभर असंच. तिनं हिशेब केला. खोटं कशाला सांगा, तिनं खरोखर हिशेब केला, उजव्या बाजूला एक आकडा, डाव्या बाजूला एक.

नऊ वाजता तिनं विकायला सुरुवात केली.

मनगटावरची पट्टी थरथरली. "विक्रीचं कारण सांगावं," असा बाईचा गोड आवाज आला.

"नऊ दिवस पाणी रेघेपासून दोन इंचांवर आहे," त्रिशला म्हणाली. "मला धोका वाटतो."

"धन्यवाद," पट्टी म्हणाली.

एक्क्याण्णव. चौऱ्याऐंशी. लंडनवाल्यांनी पाहिलं. साठ. सिंगापूरवाल्यांनी पाहिलं. अकराव्या मिनिटाला भाव बावीस होता. नऊ चाळीसला इंगवलेचा निरोप आला, "सातही उघडले." त्यापुढं काही लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी पाचला पाण्यानं पिवळी रेघ ओलांडली. अकराला सहा तास भरले आणि त्याच मिनिटाला चारशे कोटी कुरुंदघाटच्या खात्यात जमा झाले. पहाटे पाणी सत्तेचाळीस फूट एक इंचावर होतं. तिसऱ्या दिवशी नदी आपल्या पात्रात परत गेली, जसं काही घडलंच नाही. सगळं त्रिशलाच्या गणिताबरहुकूम. एक इंचाचा फरक.

मगदुमांच्या वखारीची मागची भिंत त्या पहाटे बसली आणि माळा तिच्याबरोबर गेला, वरची दोन माणसं घेऊन.

हे तिला अण्णांनी सांगितलं नाही, निवाऱ्यातल्या लोकांनी सांगितलं. अण्णा आदल्या सकाळी, बाजार उघडायच्या आत, छातीइतक्या पाण्यातून माळ्यामाळ्यावर फिरले होते. चला, बोर्डिंगात चला, म्हणून हात जोडत होते. का, असं कुणी विचारलं की गप्प. अण्णांचा शब्द म्हणून लोक निमूट निघाले. दस्तगीरमामाही नावेत बसले होते. मग जैबूनमामींना ताप होता, बोर्डिंगात तर जुलाबांची साथ, तिथं नेऊन मारायची का हिला, असं म्हणत ते परत शिडी चढले. अण्णा खालून ओरडत होते, "दस्तगीर, ऐक माझं, आज नको ऱ्हाऊ!"

मामा वरून हसले म्हणे. "अण्णा, नऊ दिस काय झालं न्हाई. आणि ताईनं दिलेली रेघ हाय की खाली."

अण्णांना एक वाक्य बोलायचं होतं. रेघ आज बुडणार आहे, इतकंच. ते पाण्यात उभे राहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. मग वर येऊन लेकीला फोन केला.

पुढं काय व्हायचं ते झालं. त्रिशलाच्या कंपनीनं रोखा बुडायच्या आधी विकला म्हणून तिचं कौतुक झालं, बढती मिळाली. चौकशी झाली आणि तीत काही सापडलं नाही. सापडायला उपरण्याखाली कोण शिरणार? कुरुंदघाटात घरं उभी राहू लागली, पक्क्या विटांची. दवाखाना आला. गावानं तिचा जाहीर सत्कार ठरवला. नारळ, शाल आणि 'गावाची लेक' असा मोठा फलक. ज्यांची घरं गेली होती त्या बाया तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडीत होत्या, आणि तिला वाटत होतं, भुई फाटावी आणि आपण आत जावं.

सत्काराचा दिवस नेमका क्षमावाणीचा निघाला. पर्युषण संपलं की त्या दिवशी जैन माणूस लहानथोरांसमोर हात जोडतो आणि वर्षभरात कळत नकळत जे दुखावलं असेल त्याची माफी मागतो. 'उत्तम क्षमा' म्हणायचं आणि समोरच्यानंही तेच म्हणायचं. त्या दिवशी कुणी नाही म्हणत नाही. वैरीसुद्धा म्हणत नाही.

मंदिराच्या ओवरीत अण्णा एकटे बसले होते. पुरानंतर लेकीशी त्यांचं जे बोलणं झालं ते जेवलीस का आणि गाडी कितीची, एवढंच. त्रिशला शाल तशीच अंगावर घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि हात जोडले.

"अण्णा, उत्तम क्षमा."

आसपास माणसं एकमेकांना भेटत होती, पाया पडत होती, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा, असा सगळीकडं गजर चाललेला.

"तुम्ही बहुतेक म्हणालात," ती कुजबुजली. पट्टी असेना का मनगटावर, ऐकू दे काय ऐकायचं ते. "मला कळलं होतं, अण्णा. कळूनच विकलं मी. मला माफ करा."

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. सावकाश झटकलं आणि तिच्या जोडलेल्या हातांवर टाकलं. मग आपला हात आत घातला. तिला वाटलं, आता ते हात हातात घेतील. घेतलाही. त्यांच्या खरखरीत बोटांनी तिची बोटं चाचपली, बाजारात हळकुंड चाचपावं तशी. आणि दाबली.

दोन.

पुढं काहीतरी येईल म्हणून ती वाट बघत राहिली. पुढं काही आलं नाही. दोन म्हणजे दोन. हा भाव तिनं लावलेला, त्यांनी 'दिला' म्हटलेला, आणि दोघांच्याच हातात राहिलेला.

"अण्णा, म्हणा ना," ती म्हणाली. "आजच्या दिवशी म्हणतात."

अण्णा तोंडानं काही म्हणाले नाहीत. त्यांनी हातही काढून घेतला नाही. बाहेरून पोरांनी हाक मारली की ताई, फोटो काढायचाय, सगळे खोळंबलेत. बापलेक तशीच बसून राहिली, उपरण्याखाली तिची दोन बोटं घट्ट धरलेली.